लिहायचे कोणत्या भाषेत? इंग्रजी विभागातील सर्जनशील लेखन

आपल्याकडच्या इंग्रजी विभागांनी विद्यार्थ्याला काय वाचायला लावावे, यावर गेल्या तीन-चार दशकांत पुष्कळ वाद झाला. गौरी विश्वनाथन यांचे 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी साहित्य हा विषय खुद्द इंग्लंडमध्ये रीतसर स्थिरावण्याआधीच हिंदुस्थानात राज्यकारभाराची एक सोय म्हणून रुजवला गेला, हे त्यांनी सप्रमाण मांडले. पाठोपाठ स्वाती जोशी यांनी संपादित केलेले 'रीथिंकिंग इंग्लिश' (१९९१), राजेश्वरी सुंदर राजन यांनी संपादित केलेले 'द लाय ऑफ द लँड' (१९९२) आणि गणेश देवी यांचे 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' (१९९२) ही पुस्तके आली. मराठीत भालचंद्र नेमाडे यांची देशीयतेची मांडणी त्याआधीपासूनच खळबळ माजवीत होती. शेक्सपिअर हवा की नको, किती हवा, त्याच्या शेजारी तुकाराम असावा की नसावा, हे प्रश्न त्यामुळे निदान परिसंवादांत तरी नित्याचे झाले. मात्र या साऱ्या चर्चेत एक प्रश्न जवळजवळ अस्पर्शित राहिला. या विभागात बसलेल्या विद्यार्थ्याने लिहायचे काय आणि कोणत्या भाषेत?

हा प्रश्न उद्भवला नाही, कारण विद्यार्थी लिहितो ही कल्पनाच आपल्या विद्यापीठांना मानवत नव्हती. तो लिही ते उत्तर. उत्तर बहुधा गाईडातून येई, गाईड कुणा जुन्या प्राध्यापकाच्या नोट्समधून, आणि त्या नोट्स आणखी जुन्या इंग्रजी समीक्षकाच्या पुस्तकातून. पाचव्या हाताने आलेल्या या गद्याला रसग्रहण असे नाव होते. एम.ए.ची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः रचलेले एकही वाक्य विभागाच्या दप्तरी जमा झालेले नसे.

आता चित्र पालटले आहे, असे सांगितले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास पसंतीवर आधारित श्रेयांक पद्धतीसाठी इंग्रजीच्या पदवीचा जो नमुना अभ्यासक्रम पुढे केला, त्यात कौशल्यवर्धक पर्यायांच्या यादीत 'क्रिएटिव्ह रायटिंग' आहे. ते कोणाच्या पंक्तीला बसले आहे हे पाहण्यासारखे आहे. 'सॉफ्ट स्किल्स', 'बिझनेस कम्युनिकेशन' आणि 'टेक्निकल रायटिंग' ही त्याची भावंडे. भाषांतराचा अभ्यास त्याच यादीत आहे, पण स्वतंत्र पर्याय म्हणून. विद्यार्थ्याने यांतून निवड करायची. म्हणजे जो लेखन घेईल त्याला भाषांतर घ्यावेच लागेल असे नाही, आणि जो भाषांतर करील तो सर्जन करतो असे समजण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतरच्या पुनर्रचनेत कौशल्य या शब्दाचे वजन वाढलेच आहे, त्यामुळे ही मांडणी आणखी घट्ट होण्याचाच संभव अधिक.

या लेखाचा रोख नेमका या विभागणीवर आहे. सर्जनशील लेखन महाविद्यालयात शिकवावे की नाही, हा वाद मी घालू इच्छित नाही. ते शिकवावे. परंतु जो विद्यार्थी मराठीत जगतो, त्याच्याकडून इंग्रजी विभागात भाषांतराच्या आधाराविना केवळ इंग्रजीत कथा-कविता लिहून घेणे म्हणजे त्याला लेखन शिकवणे नव्हे. त्याच्या अनुभवातला जो भाग इंग्रजीत सहज मावतो तेवढाच लिहिण्याजोगा असतो, हे त्याच्या मनावर बिंबवणे होय.

पहिला आक्षेप नेहमी प्रतिभावाद्यांकडून येतो. लेखन शिकवून येत नाही, लेखक जन्मावा लागतो, असे ते सांगतात आणि वर आपली परंपरा साक्षीला काढतात. परंपरेची साक्ष त्यांच्या विरुद्ध जाते. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन वेगवेगळे हेतू मानले नाहीत. तिघांचा मिळून काव्याचा एकच हेतू होतो असे त्याने म्हटले, आणि तो अभ्यासही काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीखाली व्हावा असे सांगितले. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीच्या दिवसाचे प्रहर वाटून दिले आणि दुसऱ्याच्या शब्दार्थाचे हरण कुठवर क्षम्य याची बारकाईने छाननी केली. क्षेमेंद्राने 'कविकंठाभरणा'त शिष्यांचे अल्पप्रयत्नसाध्य, कृच्छ्रसाध्य आणि असाध्य असे वर्गच पाडले. यांतला असाध्य कोण? जो मुळातच दगडासारखा आहे तो, किंवा व्याकरणाने नासला अथवा तर्काने करपला तो. आपल्या परीक्षापद्धतीला हा तिसरा वर्ग मोठ्या प्रमाणावर निर्माण करता आला आहे, एवढीच त्यात भर घालावी लागेल.

अठराव्या शतकात कच्छच्या महाराव लखपतजींनी भुजला ब्रजभाषेची पाठशाळाच काढली. तेथे कवी होऊ इच्छिणाऱ्यांना छंद-अलंकारांचे रीतसर शिक्षण मिळे, आणि ही संस्था विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. हे उदाहरण मुद्दाम देत आहे, कारण ते माझ्याही बाजूला सोयीचे नाही. भुजला शिकणाऱ्यांची घरची भाषा ब्रज नव्हती. परकी नव्हे तरी शिकून घेतलेली भाषाच त्यांच्या कवितेची भाषा होती. तेव्हा मातृभाषेतच सर्जन होते असा सरधोपट सिद्धान्त इतिहासाला मान्य नाही. फरक आहे तो ऐकणाऱ्यात. ब्रजभाषेचा जाणकार श्रोता त्याच दरबारात, त्याच मुलखात बसलेला होता आणि कवीच्या घरची बोलीही त्याला कळत होती. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात इंग्रजीत कथा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा श्रोता कोण? परीक्षक. आणि परीक्षकाने डोळ्यांपुढे ठेवलेला श्रोता कोण? त्याच्या टेबलावरील परदेशी पाठ्यपुस्तकाचा वाचक.

हे पाठ्यपुस्तक कोठून आले, हे समजून घेतले पाहिजे. आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये सर्जनशील कृती उच्च पदवीसाठी ग्राह्य धरण्याची घोषणा केली. तेथील प्रसिद्ध लेखन-कार्यशाळा १९३६ ची. डी. जी. मायर्स यांनी 'द एलिफंट्स टीच' (१९९६) या इतिहासात दाखविले आहे की, अमेरिकेत या चळवळीचा मूळ हेतू लेखक घडविणे हा नव्हता. साहित्याचा अभ्यास भाषाशास्त्रीय पांडित्याच्या हाती सुकून चालला होता. त्याला आतून, करणाऱ्याच्या बाजूने, पुन्हा जिवंत करावे हा तो हेतू होता. एमर्सनने १८३७ च्या व्याख्यानात सर्जनशील लेखनाचे नाव घेतले ते सर्जनशील वाचनाच्या जोडीनेच. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये लेखनाचा वर्ग सुरू केला तो साहित्याच्या एम.ए.चाच भाग म्हणून. त्याचा पहिला विद्यार्थी इयन मॅकइवन कादंबऱ्या वाचत होता आणि कथा लिहीत होता. पुढे शीतयुद्धाच्या काळात आयोवाच्या कार्यशाळेला कोणत्या प्रतिष्ठानांचा पैसा आणि कोणत्या राजकीय अपेक्षा चिकटल्या, हे एरिक बेनेट यांनी 'वर्कशॉप्स ऑफ एम्पायर' (२०१५) मध्ये तपासले आहे. विचारसरणीपेक्षा इंद्रियानुभव, सामान्यापेक्षा विशिष्ट, भाष्यापेक्षा तपशील, ही पसंती त्या काळाने आणि त्या राजकारणाने घडविली.

पण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्याच आयोवात १९६०च्या दशकात भाषांतराची कार्यशाळा सुरू झाली, आणि १९६७ मध्ये पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम स्थापन केला. तेथे जगभरचे लेखक आपापल्या भाषांत लिहिण्यासाठी जात. १९७०च्या दशकात दिलीप चित्रे तेथे गेले ते मराठी सोडण्याच्या अटीवर नव्हे. म्हणजे आयोवाला जे कळले होते ते आपल्या अभ्यासमंडळांना कळू नये, ही मौज आहे. आपण आयोवाचा एक हात उचलून आणला आणि दुसरा तेथेच सोडून आलो.

उचलून आणलेल्या या हातात नियमांची एक चिठ्ठी आहे. तिच्यावरचा पहिला नियम 'दाखवा, सांगू नका' हा. त्याच्या जोडीला विशेषणे गाळा, भावना आवरा, निवेदकाने मध्ये बोलू नये, संघर्ष चढत जावा. हे नियम निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु ते कलेचे शाश्वत नियम म्हणून शिकवले जातात आणि तेथे खरी फसवणूक सुरू होते. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधील कथा या चिठ्ठीनुसार तपासून पाहाव्यात. बागूल सांगतात, ओरडून सांगतात, मध्ये बोलतात, विशेषणांचा मारा करतात. त्यांचे निवेदन आवरलेले नाही, कारण आवरून बोलणे हा ज्यांचे ऐकले जाते त्यांचा अधिकार आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' तर या वर्गाच्या दारातूनच परत पाठवला जाईल. उलट ज्यांना अल्पाक्षरी, भाष्यहीन, केवळ घटना दाखवणाऱ्या गद्याचा नमुना हवा, त्यांना हेमिंग्वेपर्यंत जाण्याची गरज नाही. तेराव्या शतकातील म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त तो जागोजाग आहे. चक्रधरांचे बोलणे, समोरच्याचा प्रश्न, एखादी हालचाल, आणि लीळा संपते. इंग्रजी विभागातल्या लेखनाच्या वर्गात हे दोन्ही टोकांचे मराठी गद्य एकत्र वाचले गेले, तर सांगणे आणि दाखवणे हा श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्न नसून कोण, कोणाशी, कोणत्या स्थितीत बोलतो याचा प्रश्न आहे, हे विद्यार्थ्याला एका तासात कळेल. पण ते मराठी आहे, म्हणून मराठी विभागाचे. मराठी विभाग त्याच इमारतीत, बहुधा त्याच मजल्यावर असतो, आणि दोन विभागांमध्ये बोलणे होते ते पर्यवेक्षणाच्या पाळ्यांपुरते.

या विभागणीची किंमत विद्यार्थी कशी मोजतो, हे एका शब्दावरून दाखवता येईल. समजा, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या घरचा एक विद्यार्थी इंग्रजीच्या गृहपाठासाठी आपल्या आईबापांच्या हंगामाची कथा लिहायला बसला. त्याच्या भाषेत नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे आणि टोळी मोजली जाते ती कोयत्यांत. एकटाच गडी निघाला तर तो 'अर्धा कोयता'. आता इंग्रजीत काय लिहायचे? कोयत्याला इंग्रजी प्रतिशब्द दिला तर हत्यार उरते आणि माणसे नाहीशी होतात. 'कपल' लिहिले तर माणसे उरतात आणि हत्यार नाहीसे होते. मूळ शब्दात दोन माणसांना मिळून एक अवजार मानणारी, आणि बाईला वेगळे न मोजणारी, सबंध व्यवस्था बसलेली आहे. हे रूपक कोणा कवीने रचलेले नाही. ते मुकादमाच्या वहीत आहे. आजच्या पद्धतीच्या वर्गात हा विद्यार्थी 'कपल' लिहील, व्याकरण शुद्ध ठेवील, कोपीवरच्या थंडीचे दोन इंद्रियगोचर तपशील घालील आणि चांगले गुण मिळवील. कथा मात्र त्याच्या हातून निसटलेली असेल, आणि ती निसटली हे त्याला कोणी सांगणारही नाही. हाच विद्यार्थी आधी मराठीत लिहिता आणि मग स्वतःच इंग्रजीत आणता, तर 'कोयता' या शब्दापाशी त्याला थांबावेच लागले असते. त्या थांबण्यात त्याला इंग्रजीही कळली असती, मराठीही, आणि आपल्या आईची मोजदाद कशी होते हेही. तो शब्द इंग्रजीत तसाच ठेवायचा, समजावून सांगायचा की कथेच्या रचनेतूनच उलगडायचा, हा निर्णय घेणे म्हणजेच लेखन शिकणे होय.

इंग्रजी विभागाचे आणि मराठी लेखनाचे नाते काही आजचे नाही. मर्ढेकरांनी काही काळ इंग्रजी शिकवली. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत. नेमाडे यांनी महाराष्ट्रात आणि गोव्यात इंग्रजी शिकवली. विलास सारंग मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात होते. देशीयतेचा सर्वांत तिखट पुरस्कर्ता इंग्रजी विभागातून यावा यात विसंगती शोधणाऱ्यांनी ही यादी नीट पाहावी. हे सगळे एका भाषेत वाचत होते आणि दुसऱ्या भाषेत लिहीत होते. मधला पूल होता भाषांतराचा. विंदांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, 'फाउस्ट' आणि 'राजा लिअर' मराठीत आणले, आणि 'अमृतानुभवा'चे अर्वाचीन मराठीत रूपांतर केले. जी.एं.नी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे अनुवाद केले. सारंगांनी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कथा वागवल्या आणि 'लिहित्या लेखकाचं वाचन' असे नावच एका पुस्तकाला दिले. या मंडळींनी जे खाजगीत केले ते अभ्यासक्रमाने कधी ओळखले नाही. त्यांच्या लेखनाचे श्रेय विभागाला देणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. विभागाने त्यांना पगार दिला, ग्रंथालय दिले आणि त्यांच्या मराठी लेखनाकडे दुर्लक्ष केले. हे दुर्लक्ष त्यांच्या पथ्यावर पडले.

म्हणून काहीजण म्हणतील की, मग पूर्वीचीच पद्धत बरी होती. वर्ग वाचायला आणि रात्र लिहायला. हा युक्तिवाद ज्यांच्याकडे रात्र होती त्यांचा आहे. ज्याच्या घरी पुस्तके होती, ज्याला शहरात एखादे अनियतकालिक आणि चार लिहिणारे मित्र भेटले, ज्याला पदवीनंतर नोकरीसाठी दुसऱ्या दिवशी धावावे लागले नाही, त्याला वर्गाबाहेरची ही उमेदवारी परवडत होती. पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या घरातल्या मुलीला ती परवडत नाही. तिच्याकडे जे काही आहे ते वर्गातच. त्यामुळे लेखनाचा वर्ग सुरू झाला ही गोष्ट चांगलीच आहे, आणि म्हणूनच तो चुकीच्या पायावर उभा राहणे अधिक गंभीर आहे.

सर्वांत जड आक्षेप मात्र देशीवाद्यांच्या विरुद्ध दिशेने येतो, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मराठीचा आग्रह धरणारे स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेत घालतात आणि दलित-बहुजनांच्या मुलांना मातृभाषेचा महिमा ऐकवतात, हा तो आक्षेप. चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये उत्तर प्रदेशातील बांका गावी इंग्रजी देवीच्या मंदिराचा घाट घातला गेला, त्यामागे हाच राग होता आणि तो राग रास्त आहे. इंग्रजीवर प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे. ती त्याला पूर्ण ताकदीने, हातचे न राखता मिळाली पाहिजे. पण या परंपरेचाही आरंभ पाहावा. सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिक्षणाचा मुक्तकंठाने पुरस्कार केला तो मराठी कवितेत. इंग्रजी घेण्यासाठी त्यांना मराठी टाकावी लागली नाही. मराठीतल्या आपल्या माणसांना हाक मारण्यासाठीच त्यांना इंग्रजीचे मोल सांगायचे होते. आज मात्र इंग्रजी देण्याच्या नावाखाली विद्यार्थ्याकडून बाकीचे सारे काढून घेतले जाते, आणि बदल्यात जी इंग्रजी दिली जाते ती सॉफ्ट स्किल्सच्या शेजारची, मुलाखतीपुरती. दोन भाषांमध्ये झुंजून मिळवलेली इंग्रजी याहून मजबूत असते. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' (१९७६) आणि त्यांची मराठी कविता यांपैकी कोणती आधीची, हा प्रश्नच तेथे गैरलागू ठरतो; एकाच माणसाच्या कानात दोन्ही भाषा एकमेकींना ऐकत होत्या.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर इंग्रजी विभागात सर्जनशील लेखन आणि भाषांतर हे दोन पर्याय न ठेवता एकच विषय करावा. विद्यार्थ्याने आपल्या भाषेत, मग ती मराठी असो, अहिराणी असो, गोरमाटी असो वा दखनी, लिहावे, ते स्वतः इंग्रजीत आणावे आणि वाटेत काय अडले, काय सोडले, काय बदलले याचे टिपण जोडावे. ज्याची घरची भाषा आज खरोखरच इंग्रजी झाली आहे त्याने उलट दिशेने जावे. त्यालाही तेवढेच कष्ट पडतील. गुण अंतिम कृतीला न देता खर्ड्यांना, दुरुस्त्यांना आणि टिपणाला द्यावेत, कारण वर्गात शिकवता येते ती दुरुस्ती. परीक्षक दोन असावेत, एक इंग्रजी विभागाचा आणि एक भारतीय भाषेच्या विभागाचा. वाचनाच्या यादीत त्या त्या भाषेतले सांगणारे आणि दाखवणारे, दोन्ही परींचे गद्य असावे.

यावर, एवढे शिकवणारे शिक्षक कोठून आणायचे, असे विचारले जाईल. ते आहेत. आमच्या इंग्रजीच्या वर्गात कविता मराठीत समजावून सांगावी लागते याची लाज बाळगणारे शेकडो शिक्षक तालुक्या-तालुक्याला आहेत. रोज दिवसभर ते तोंडी भाषांतर करीत असतात आणि त्याला आपली उणीव समजतात. ही उणीव नसून त्यांचे एकमेव खरे शास्त्र आहे, हे अभ्यासमंडळांनी त्यांना एकदा लेखी कळवावे. अभ्यासक्रमाच्या पुढच्या फेररचनेत 'क्रिएटिव्ह रायटिंग'ची जागा ठरवताना बिझनेस कम्युनिकेशनच्या शेजारून ते उचलून भाषांतराशी जोडण्याचा ठराव मांडायला एकच सभासद पुरेसा आहे. त्याला अनुमोदन द्यायला मराठी विभागाचा कोणी त्या बैठकीला बोलावला जाईल काय, हा खरा प्रश्न आहे.